पिल्लू आणावं की मोठं कुत्रं दत्तक घ्यावं? दोघंही नोकरी करणाऱ्या घरासाठी उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट आहे. नवरा-बायको दोघंही सकाळी साडेनऊला बाहेर पडतात आणि सातपर्यंत परततात. मुलगा ७ वर्षांचा, दुपारी दोनला शाळेतून येतो. सासूबाई घरीच असतात, वय ६८, गुडघे दुखतात. मुलाला कुत्रा हवा आहे आणि तो आणायचा हे ठरलेलं आहे. एका ब्रीडरकडे लॅब्राडोरचं ४० दिवसांचं पिल्लू आहे आणि तो म्हणतो, "आत्ताच न्या, लवकर नेलं की लळा लागतो." दुसरीकडे नणंद ज्या संस्थेत मदतीला जाते, तिथली साधारण ३ वर्षांची एक देशी कुत्री सध्या एका घरी तात्पुरती सांभाळायला दिली आहे. तिला कायमचं घर हवंय. नवऱ्याचं म्हणणं, मोठं कुत्रं आपलं होत नाही, तिचं आधी काय झालंय कोणाला माहीत, आणि घरात लहान मूल आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. तुमच्या घराला मोठं कुत्रं हवं. आणि ते ४० दिवसांचं पिल्लू कोणत्याच घराने घेऊ नये, तुमच्याही नाही.

आधी या ४० दिवसांचं बोलू. कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला त्यात मनाई आहे, आणि ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. यामागे साधं कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी झोंबत असतात. एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. आई दूध पाजताना दात लागले की उठून जाते, प्रसंगी दटावते. दात किती जोरात लावायचे याचा पहिला धडा पिल्लाला इथे मिळतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलाच्या हातावर तो शिकायला लागतं. "लवकर नेलं की लळा लागतो" ही सोय ब्रीडरची आहे. त्याचा पंधरा-सोळा दिवसांचा खुराक वाचतो, लसी वाचतात, आणि पिल्लू आजारी पडलंच तर ते तुमच्या घरी पडतं.

समजा, पिल्लू रीतसर ८-९ आठवड्यांचं आणलं. तरी तुमच्या घरात ते का बसत नाही, ते पाहू.

लोक पिल्लाची कल्पना करतात तेव्हा संध्याकाळी सातनंतरची करतात. मी विचारते ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहाचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, हे खरं. पण ते झोपून उठलं की शू करतं, खाल्लं की करतं, खेळता खेळता मध्येच करतं. ढोबळ हिशोब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास ते फार तर धरून ठेवू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपेत. प्रत्यक्षात जागेपणी दर तासा-दीड तासाने कोणीतरी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, झाल्यावर शाबासकी द्यायची, चुकलं तर न ओरडता पुसायचं, आणि जेवण दिवसातून चार वेळा द्यायचं.

तुमच्याकडे हे कोण करणार? सासूबाई. गुडघे दुखणाऱ्या बाईने दिवसात आठ-दहा वेळा वाकून फरशी पुसायची. पण मला वाकण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी आहे. पिल्लू माणसाच्या पायात येतं. साडीचा काठ, गाऊनची कड, स्लीपर, जे हलतं त्याला लटकतं. ओल्या, गुळगुळीत टाइल्सवर ६८ वर्षांच्या बाईच्या पायात पिल्लू आलं तर काय होऊ शकतं, याचा विचार घरात पिल्लू आणताना कोणी करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर कुत्रा देऊन टाकावा लागल्याचं मी पाहिलं आहे. त्यात दोष कोणाचाच नव्हता, ना आजींचा, ना कुत्र्याचा.

मग होतं काय, तर पिल्लू बाल्कनीत जातं. "दिवसाच फक्त, संध्याकाळी घरातच असतं," असं सांगतात. आणि नेमका हाच काळ पिल्लाच्या आयुष्यात सर्वांत मोलाचा असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूत जगाची ओळख होत असते. या काळात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं आणि त्यात काही वाईट घडलं नाही, ते पुढे नेहमीचं वाटतं. जे पाहिलंच नाही, त्याची भीती बसते. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचं दार, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, पावसाळ्यात रेनकोटातली माणसं, काठी टेकत चालणारे आजोबा, गणपतीतले ढोल. हे सगळं त्याला थोडं थोडं, दुरून, हातात खाऊ ठेवून दाखवावं लागतं. आणि याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं. ६ ते ८ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, तो १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. तोवर पिल्लाला रस्त्यावर, सोसायटीच्या बागेत खाली सोडता येत नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. रक्ताची जुलाब-उलटी सुरू झाली की लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतही जातं. म्हणून त्याला कडेवर घेऊन जग दाखवायचं असतं. रोज, वेगवेगळ्या ठिकाणी. साडेनऊ ते सात ऑफिसात असलेल्या माणसांना हे जमत नाही. इच्छा असली तरी वेळ नसतो.

बाल्कनीत वाढलेली ही पिल्लं सात-आठ महिन्यांची झाली की माझ्याकडे येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. सारखं भुंकतं, बेल वाजली की अंगावर जातं, सोफा फाडला, पट्टा लावला की खेचतं. तोवर लॅब्राडोर २५ किलोचा झालेला असतो, सासूबाईंनी त्याला खाली न्यायचा प्रश्नच उरत नाही. देऊन टाकलेल्या जातिवंत कुत्र्यांमध्ये याच वयाचे, म्हणजे सहा महिने ते दीड वर्षाचे, पुष्कळ असतात. पिल्लू म्हणून हौसेने आणलेले. पुण्यात हस्की या थंड प्रदेशातल्या जातीच्या कुत्र्यांची हीच गत होते, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्यांचे हाल बघवत नाहीत.

आता मुलाचं. चौथ्या महिन्यापासून पिल्लाचे २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. त्याच्या आधीपासूनच ते सगळं चावत असतं. दुधाचे दात सुईसारखे असतात. मूल धावतं, पिल्लू मागे लागतं, पोटरीला दात लागतो, मूल किंचाळतं. किंचाळण्याने पिल्लाला आणखी चेव येतो. यात राग नसतो, तो खेळच असतो, पण ७ वर्षांच्या मुलाला ते कळत नाही. कुत्र्यासाठी हट्ट धरलेली मुलं दोन आठवड्यांत सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. ही वेळ निभावता येते, पण त्यासाठी मोठं माणूस दोघांच्या मध्ये हजर लागतं.

म्हणून, लहान मूल आहे तर पिल्लूच बरं, हा समज मला उलटा वाटतो.

"लहानपणापासून वाढवलं की आपल्या वळणाचं होतं" यात तथ्य आहे, पण अर्धं. स्वभावाचा बराच भाग आई-बापाकडून येतो, आणि आई गाभण असताना कशी राहिली, घाबरलेली होती का, उपाशी होती का, याचाही परिणाम होतो. ब्रीडरकडे पिल्लाची आई पाहायला मिळत नसेल तर तुम्ही काय घेताय हे तुम्हाला ठाऊक नसतं. कुत्र्याचा स्वभाव साधारण दोन ते तीन वर्षांचा झाल्यावर पक्का होतो. तुमच्या यजमानांना त्या कुत्रीचा भूतकाळ माहीत नाही म्हणून धाकधूक आहे. पण भूतकाळाचा जो परिणाम व्हायचा तो होऊन गेलाय, आणि तो तिच्या आजच्या वागण्यात दिसतो. तो पाहता येतो, तपासता येतो. पिल्लाच्या बाबतीत तपासायला अजून काही तयारच झालेलं नसतं. ती कुत्री मुलांसमोर कशी वागते हे तुम्ही या रविवारी जाऊन बघू शकता. पिल्लू तीन वर्षांनी मुलांसमोर कसं वागेल, हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही.

ती कशी पाहायची, ते सांगते. दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी. पहिल्यांदा मुलाला नेऊ नका. तिच्याकडे सरळ चालत जाऊन डोक्यावर हात ठेवू नका. बाजूला, थोडं तिरकं, जमिनीवर बसा आणि गप्पा मारत राहा. ती आपणहून हुंगायला आली, शेपटी कमरेच्या उंचीला सैल हलतेय, अंग लवचीक आहे, तर फार चांगलं. लांब थांबून वारंवार ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर ती घाबरली आहे. तिला वेळ द्या, लगेच नापास करू नका. मग किल्ल्यांचा जुडगा चार-पाच हातांवर जमिनीवर पडू द्या. ती दचकेल. दचकणं ठीक आहे. नंतर काय करते ते बघा. दहा-पंधरा सेकंदांत येऊन जुडगा हुंगणारी कुत्री तुमच्या घरातला कुकर, मिक्सर आणि मुलाचा दंगा पचवू शकते. पलंगाखाली जाऊन अर्धा तास बाहेर न येणारी कुत्री वाईट नसते, तिला शांत, मूल नसलेलं घर हवं असतं.

दुसऱ्या खेपेला मुलाला घेऊन जा, आणि तिला पट्टा लावून बाहेर चक्कर मारा. मुलाला सांगा, हात खाली, आवाज हळू, ती आली तर छातीला, मानेच्या बाजूला खाजवायचं, मिठी नाही. तिने मुलाकडे येऊन हुंगलं आणि सैल राहिली तर उत्तम. दुर्लक्ष केलं तरी चालेल. पण मूल जवळ येताच ती जागच्या जागी ताठली, श्वास रोखल्यासारखी थांबली, टक लावून पाहू लागली, तर ती तुमच्यासाठी नाही. तिथे नणंदेची भीड ठेवू नका.

सांभाळणाऱ्या घराला "चावते का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "नाही" असतं. असं विचारा: शेवटची कधी गुरगुरली आणि कशावरून? जेवताना जवळ गेलं तर काय करते? एकटी किती वेळ राहते आणि मागे काय करून ठेवते? झोपेतून हलवलं तर? गुरगुरते असं कळलं तर बिचकू नका. गुरगुरणारं कुत्रं सांगून ठेवतं, आणि ते आपण ऐकलं की चावायची वेळ येत नाही. कधीच गुरगुरली नाही, पण दोन माणसांना दात लावलेत, असं असेल तर मात्र थांबा.

तब्येतीचं थोडक्यात. घरी आणण्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या, प्लेटलेट्सवर खास लक्ष. आपल्याकडे गोचीडताप फार आहे, आणि तो कुत्र्याच्या अंगात काही महिने छुपा राहू शकतो. वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. नसबंदी झाली आहे का, कागद मागा. रस्त्यावरून पकडून नसबंदी केलेल्या कुत्र्यांच्या कानाला खाच असते. रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियाची एक संसर्गजन्य गाठ आढळते, डॉक्टरांना तेही पाहायला सांगा. ती बहुतेक वेळा इंजेक्शनांच्या कोर्सने जाते. लसीचं कार्ड नसेल तर दिल्याच नाहीत असं धरून रेबीजसकट सुरुवात करा. रेबीजच्या लसीचा दाखला महापालिकेच्या परवान्यासाठीही लागतो.

मोठ्या कुत्र्याच्या अडचणी लपवून मला तुम्हाला ती घ्यायला लावायची नाही. काहींना झाडू किंवा काठी हातात घेतलेल्या माणसाची भीती असते. घरकामाच्या ताईंनी झाडू उचलला की कोपऱ्यात जाणारी कुत्री मी पाहिली आहेत. काही जण सोडून दिलेले असतात, त्यांना एकटं राहणं सोसत नाही. दार बंद झालं की ओरडतात, दार खरवडतात. तुमच्याकडे सासूबाई दिवसभर घरी आहेत, ही अशा कुत्र्यासाठी मोठी जमेची बाजू आहे. पिल्लाच्या बाबतीत त्यांच्यावर जो भार पडला असता, तो इथे पडत नाही. मोठं कुत्रं सकाळ-संध्याकाळ बाहेर नेलं की दिवसातला बराच वेळ झोपून काढतं, आणि त्यांना दुपारी सोबत होते.

आणखी एक. तुमच्या गल्लीतलं एखादं मोठं भटकं कुत्रं, ज्याला तिथली माणसं खाऊ घालतात, ज्याचं लसीकरण-नसबंदी झालेली आहे आणि जे तिथे सुखात आहे, त्याला दयेपोटी तिसऱ्या मजल्यावर आणू नका. गल्ली हेच त्याचं घर असतं. दत्तक घ्या तो ज्याला जागा उरलेली नाही तो, किंवा जो घरात राहिलाय आणि रमलाय असा. तुमच्या नणंदेची कुत्री आधीच एका घरात राहते आहे, म्हणून मला ही जोडी जमेल असं वाटतं.

"आपलं होत नाही" याबद्दल. मोठं कुत्रं घरी आलं की पहिले तीन दिवस भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत ते आपलं घर समजायला लागतं. कुत्री सांभाळणारे हे तीन-तीन-तीनचं गणित सांगतात, आणि ढोबळ मानाने ते खरं ठरतं. सिंहगड रस्त्यावरच्या एका आजी-आजोबांनी ५ वर्षांचा एक कुत्रा आणला होता. पहिले दोन दिवस तो डायनिंग टेबलाखालून हलला नाही, अन्नाला तोंड लावलं नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की वाटी ठेवा, दिवा मालवा आणि झोपायला जा. तिसऱ्या रात्री वाटी रिकामी झाली. महिन्याभराने तपासणीसाठी आणला तेव्हा मी टेबलावर घ्यायला गेले, तर तो आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या गुडघ्यांच्या मागे डोकं खुपसून उभा राहिला. भीती वाटली की कोणाकडे जायचं हे त्याचं ठरलं होतं.

पिल्लू कोणी आणावं? ज्यांच्या घरात पहिले चार महिने एक धडधाकट माणूस दिवसभर हजर आहे, ज्यांना झोपमोडीची तयारी आहे, किंवा ज्यांच्याकडे आधीच एक शहाणं, मोठं कुत्रं आहे त्यांनी खुशाल आणावं. पिल्लाला वाढवणं फार आनंदाचं काम आहे. तुम्ही दोघांपैकी कोणी पुढे घरून काम करायला लागलात आणि मुलगा दहा-अकराचा झाला, की तेव्हा या कुत्रीच्या सोबतीने पिल्लू आणायचा विचार जरूर करा. त्यातही संस्थांकडे अनाथ देशी पिल्लं भरपूर असतात, ती आधी पाहा.

सध्या संस्थेला विचारा, की आम्ही महिनाभर तात्पुरती सांभाळू आणि मग ठरवू, असं चालेल का. बहुतेक संस्था आनंदाने तयार होतात. यजमानांनाही हे पटेल, कारण कायमचं काही होत नाही. सोसायटीचा प्रश्न आलाच तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना काढून ठेवा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. अर्थात शी उचलण्याची जबाबदारी आपली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणू नका, फटाके संपू द्यात. आणाल तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आणा, म्हणजे शनिवार-रविवार दोघं घरी असाल. पहिला आठवडा पाहुणे नकोत, सोसायटीतल्या मुलांना दाखवायला नको, आंघोळ नको. जेवणाची वाटी आणि झोपायची जागा एका कोपऱ्यात, आणि तिथे ती असताना मुलाने जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. आणि बाहेर नेताना दोन पट्टे लावा, एक गळपट्ट्याला, एक हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला. नवीन आणलेली कुत्री पहिल्या पंधरा दिवसांत घाबरून गळपट्ट्यातून डोकं काढून पळतात, आणि त्यांना परतीचं घर अजून ठाऊक नसतं. तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला ती घरी यायच्या आधीच करून घ्या.